मात्रा लिहावी, हात दाखवावा

द्राक्षबागेत सकाळी फवारणीची तयारी चालू आहे. ड्रममध्ये पाणी भरून झाले आहे, मोरचूद (कॉपर सल्फेट) विरघळले आहे, चुन्याचे द्रावण गाळून ठेवले आहे. आता नेमके काय कशात ओतायचे याची शंका आली, म्हणून मोबाइल बाहेर निघतो. हात चुन्याने माखलेले, पडद्यावर ऊन, मागे ट्रॅक्टरचा आवाज. बारा मिनिटांचा व्हिडिओ बोटाने पुढे-मागे सरकवत, हवे ते एक वाक्य सापडेपर्यंत जाहिरातही पाहावी लागते. ते वाक्य सापडते तेव्हा सांगणारा म्हणतो, "आता हे यात हळूहळू सोडायचं." हे म्हणजे काय आणि यात म्हणजे कशात, हे त्याच्या पाठीमुळे दिसत नाही.

व्हिडिओ ब्लॉग चांगला की लिखित ब्लॉग, हा वाद आवडीनिवडीचा समजून सोडून दिला जातो. ज्याला वाचायला आवडते त्याने वाचावे, ज्याला पाहायला आवडते त्याने पाहावे, असे म्हटले की संपले. करमणूक, प्रवासवर्णन, गप्पा यांच्यापुरते ते ठीक आहे. पण ज्या माहितीवर कोणीतरी उद्या सकाळी काम करणार आहे, ज्यात चुकीचा आकडा पीक जाळू शकतो किंवा फवारणाऱ्याला दवाखान्यात पाठवू शकतो, तिथे हा आवडीचा प्रश्न राहत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, त्यानंतर तरी मात्रेबद्दल सैल बोलण्याची सोय आपल्याला उरलेली नाही.

मराठीतला शेतीसल्ला गेल्या काही वर्षांत जवळजवळ पूर्णपणे व्हिडिओकडे वळला आहे. आमचे म्हणणे असे की त्याचा कणा लिखित असला पाहिजे. मात्रा, क्रम, तारीख आणि इशारा लिहून द्यावा. हाताची हालचाल, रंग, दाटपणा दाखवावा. व्हिडिओ बंद करा असे यात कुठेही नाही. लेखाशिवाय व्हिडिओ देऊ नका, एवढेच आहे.

बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणाचेच घेऊ, कारण त्यात दोन्ही माध्यमांची ताकद आणि मर्यादा एकाच कामात दिसतात. एक टक्का बोर्डोसाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. मोरचूद ५० लिटर पाण्यात, चुना उरलेल्या ५० लिटरमध्ये, दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत. भांडी प्लास्टिकची, मातीची किंवा लाकडाची. लोखंडी किंवा जस्ताचा मुलामा दिलेले पत्र्याचे भांडे चालत नाही, कारण मोरचुदातले तांबे लोखंडावर जाऊन बसते आणि द्रावण निकामी होते. मोरचुदाचे खडे तळाशी टाकले तर तिथेच बसून राहतात, म्हणून ते गोणपाटाच्या किंवा कापडाच्या पुरचुंडीत बांधून रात्रभर पाण्याच्या वरच्या थरात लोंबत ठेवायचे. चुना थोड्या थोड्या पाण्याने फोडायचा, मग उरलेले पाणी घालून कापडातून गाळायचा, नाहीतर नोझल तुंबतो. फोडलेला चुना गरम असतो. दोन्ही द्रावणे थंड झाल्यावरच मिसळायची. गरम मिसळली तर कण जाड होतात, खाली बसतात आणि पानावर नीट चिकटत नाहीत. मोरचुदाचे द्रावण चुन्याच्या द्रावणात ढवळत ओतायचे, किंवा दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात सोडायची. मिश्रण त्याच दिवशी संपवायचे.

वरचा परिच्छेद वाचायला एक मिनिट लागते. त्यातला कोणताही एक तपशील पुन्हा हवा असेल तर नजर दोन सेकंदांत तिथे जाते. हेच बोलून दाखवायला किमान दुप्पट वेळ लागतो, आणि पुन्हा शोधायला किती लागतो ते ड्रमपाशी उभा असलेला माणूस जाणतो.

पण याच कामात एक पायरी अशी आहे की ती कितीही लिहिली तरी अपुरी पडते. मिश्रणाचा सामू (पीएच) बरोबर आहे की नाही हे तपासायला घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा किंवा विळ्याचे पाते मिनिटभर बुडवतात. लोखंडावर तांबूस थर आला तर मोकळे तांबे शिल्लक आहे. अशी फवारणी कोवळी पाने जाळते. मग आणखी चुन्याचे द्रावण घालून पुन्हा तपासायचे. हा तांबूस थर म्हणजे नक्की किती तांबूस? गंज आणि तांबे यांत फरक कसा ओळखायचा? बरोबर जमलेल्या मिश्रणाचा आकाशी निळा रंग कोणता आणि हिरवट झाक आलेले बिघडलेले मिश्रण कसे दिसते? इथे चाळीस सेकंदांची चित्रफीत दहा ओळींना भारी पडते. एका खिळ्यावर थर आलेला, दुसऱ्यावर न आलेला, दोन्ही शेजारी धरून उन्हात दाखवले की पुढे आयुष्यभर शंका येत नाही.

ही तपासणी का लागते, हे मात्र पुन्हा लिहूनच नीट सांगता येते. एकास एक हे प्रमाण चांगल्या, ताज्या कळीच्या चुन्यासाठी आहे. दुकानात महिनोन् महिने उघडा पडलेला चुना हवेतला कर्बवायू शोषून मरतो, त्याची आम्लता मारण्याची ताकद जाते. त्यामुळे एक किलो घालूनही कमी पडतो. हे कारण ठाऊक असलेला शेतकरी खिळ्याची चाचणी टाळत नाही. बहुतेक व्हिडिओंत खिळा बुडवतानाचा क्षण असतो, कारण मात्र नसते, आणि मग पाहणाऱ्याला तो एक उपचार वाटतो.

आता दुसरा धोका. बोर्डोचे एक टक्का मिश्रण वेगळे आणि दहा टक्क्यांचा बोर्डो मलम वेगळा. मलमाला १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि पाणी फक्त १० लिटर. तो खोडाला ब्रशने लावायचा असतो. बोलताना सगळेच 'बोर्डो' म्हणतात. कागदावर १० आणि १०० यांत एका शून्याचा फरक डोळ्यांना दिसतो. भरभर बोललेल्या वाक्यात 'दहा लिटर' आणि 'शंभर लिटर' हे संदर्भाशिवाय तरंगत राहतात, खासकरून व्हिडिओ मधूनच लावला असेल तर.

बोलीतल्या आकड्यांचा हा प्रश्न मराठीत जरा अधिकच आहे. एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर हे पंपाच्या आवाजात ऐकून पाहा. दीड आणि अडीच यांची गल्लत तर घराघरांत होते. विद्राव्य खतांची नावेच आकडे आहेत: १९:१९:१९, १२:६१:००, ००:५२:३४, १३:००:४५. 'बारा एकसष्ट' म्हणजे काय हे मुरलेल्या बागायतदाराला कळते; पहिल्यांदा ठिबकमधून खत सोडणाऱ्याला ते लिहिलेलेच हवे.

सर्वांत घातक शब्द म्हणजे 'पंपाला'. "पंपाला तीस मिली टाका," असे सर्रास सांगितले जाते. कोणता पंप? पाठीवरचा जुना पंप १५ लिटरचा, बॅटरीचा १६ किंवा २० लिटरचा. तीस मिली १५ लिटरला म्हणजे लिटरला २ मिली. तेच २० लिटरला म्हणजे दीड मिली, म्हणजे कीड मरणार नाही आणि हळूहळू दाद देईनाशी होईल. दोनशे लिटरच्या ड्रमला हिशोब ४०० मिली. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाने किंवा ब्लोअरने एकरी पाणी कमी लागते, तिथे लिटरमागची मात्रा तशीच धरली तर एकरी औषध कमी पडते आणि अंदाजाने वाढवली तर पाने करपतात. तिथे एकरी मात्रा धरून उलटा हिशोब करावा लागतो. 'एक झाकण' हे माप त्याहून वाईट, कारण झाकणे कंपनीगणिक बदलतात. कॅमेऱ्यासमोर झाकण भरून ओतले की सांगणाऱ्याला वाटते माप दाखवून झाले. लिहायला बसला असता तर 'एक झाकण' लिहिताना त्याचाच हात थांबला असता आणि त्याने मोजपात्र घेऊन मोजले असते. लिहिणे सांगणाऱ्याला नेमके व्हायला भाग पाडते. कॅमेरा त्याला त्यातून सूट देतो. लेखाची बाजू घेण्याचे आमचे मुख्य कारण हेच आहे, वाचणाऱ्याची सोय त्यानंतर येते.

स्वयंपाकाच्या व्हिडिओंतही हेच घडते. उकडीच्या मोदकाला तांदळाच्या एक वाटी पिठीला एक वाटी पाणी, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ; पाण्याला उकळी आल्यावर पिठी घालून, झाकण ठेवून वाफ, मग गरम असतानाच मळणे आणि भरून झाल्यावर दहा-बारा मिनिटे उकडणे. हे लिहिलेले बरे. पारीला कळ्या पाडताना अंगठा आत आणि दोन बोटे बाहेर कशी फिरतात, हे पाहिलेले बरे. "पाणी अंदाजाने" हा शब्दप्रयोग मराठी पाककृतींत इतका पसरला, त्यात भांडे दिसते आहे ना, मग मापाची काय गरज, या समजुतीचा वाटा मोठा आहे.

व्हिडिओ लांब का होतात, याचे उत्तर सांगणाऱ्याच्या स्वभावात शोधू नये. ते पैशाच्या नियमांत आहे. यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी १,००० सदस्य आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहिले गेलेले असणे ही नेहमीची अट आहे. मध्येच जाहिरात टाकता येते ती ८ मिनिटांच्या पुढच्या व्हिडिओत. २०२० पर्यंत ती मर्यादा १० मिनिटांची होती. तेव्हा दीड मिनिटात सांगून होणारी गोष्ट आठ मिनिटांची होते: आधी नमस्कार, मग सदस्य व्हा, घंटी दाबा, मग पुढे काय सांगणार आहे याची प्रस्तावना, आणि नेमकी मात्रा शेवटाकडे, कारण ती आधी सांगितली तर माणूस निघून जाईल. पाहणाऱ्याचा वेळ हाच माल असेल, तर त्याचा वेळ वाचवणे तोट्याचे ठरते. यात त्या मुलामुलींना दोष देऊन उपयोग नाही. गावात राहून, स्वतःच्या भाषेत बोलून चार पैसे मिळवण्याची ही संधी आहे आणि ती त्यांनी घ्यावी. पण या हिशोबातून तयार झालेला घाट ज्ञान देण्याचा सर्वोत्तम घाट आहे, असे वाचकांनी मानू नये.

यापुढचा मुद्दा दुरुस्तीचा, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. केंद्र सरकारच्या ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने अठरा कीडनाशकांवर बंदी आली. बारा लगेच बंद झाली, आणि फोरेट, डायक्लोरव्हॉस, ट्रायझोफॉस, फॉस्फामिडॉन, अलाक्लोर, ट्रायक्लोरफॉन ही सहा ३१ डिसेंबर २०२० पासून. हुमणी या मुळे खाणाऱ्या अळीसाठी उसात फोरेटचे दाणे टाकण्याचा सल्ला त्याआधी सर्वत्र दिला जाई. २०१७ साली कोणी हा सल्ला लेखात दिला असेल, तर त्याने आज त्या ओळीवर रेघ मारून खाली तारखेसह टीप जोडणे हे पाच मिनिटांचे काम आहे. पत्ता तोच राहतो, ज्याने पूर्वी तो दुवा पाठवला त्यालाही दुरुस्त मजकूर दिसतो. व्हिडिओचे तसे नाही. यूट्यूबवर चढवलेल्या व्हिडिओतला तुकडा कापता येतो, धूसर करता येतो, पण नवे वाक्य आत घालता येत नाही आणि त्याच दुव्यावर नवी फाइल ठेवता येत नाही. काढून नवा चढवावा तर जुनी दर्शकसंख्या आणि सगळे पसरलेले दुवे जातात. म्हणून बहुतेक जण तो तसाच ठेवतात. पूर्वी व्हिडिओवर चौकटीत सूचना चिकटवण्याची सोय होती. ती २०१७ मध्ये बंद झाली आणि जानेवारी २०१९ मध्ये जुन्या सूचनाही दिसेनाशा झाल्या. ज्यांनी चौकटीत चूक सुधारली होती, त्यांची सुधारणा गेली आणि चूक तेवढी राहिली. आता दुरुस्ती करायची तर खालच्या वर्णनात लिहून करावी लागते. म्हणजे व्हिडिओची चूकही शेवटी अक्षरांनीच सुधारते.

शेतीत माहिती शिळी होण्याचा वेग मोठा आहे. निर्यातीच्या द्राक्षांना तर प्रत्येक औषधाचा काढणीपूर्व कालावधी, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांतले अंतर, पाळावा लागतो आणि फळात राहणाऱ्या औषधाच्या अंशाच्या युरोपातल्या मर्यादा बदलत राहतात. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशांमुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडकली आणि नाशिक-सांगलीच्या बागायतदारांनी त्याची किंमत मोजली. अशा क्षेत्रात तारीख नसलेला सल्ला म्हणजे मुदत खोडलेली औषधाची बाटली. लेखाच्या डोक्यावर 'शेवटची तपासणी अमुक तारखेला' असे लिहिता येते, व्हिडिओ पाहणारा मात्र तो किती जुना आहे हे क्वचितच पाहतो, आणि व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या तुकड्याला तर तारीख नसतेच.

आता व्हिडिओच्या बाजूने जे बोलले जाते त्यातले खरे काय ते नीट मानले पाहिजे.

कलम बांधणे घ्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस असलेले आंब्याचे कोय कलम पावसाळ्याच्या सुरुवातीच्या महिन्यांत करतात. तांबूस कोवळ्या पानांचे, साधारण पंधरा दिवसांचे रोप खुंट म्हणून घ्यायचे, कोयीच्या वर काही सेंटिमीटरवर छाटायचे, छाटलेल्या टोकाला मधोमध ४ ते ५ सेंटिमीटर उभा काप द्यायचा. तीन-चार महिने वयाची, १० ते १५ सेंटिमीटर लांबीची कलमकाडी घेऊन तिच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तेवढ्याच लांबीचे तिरपे काप घेऊन पाचर करायची, ती खुंटात बसवायची आणि सुमारे २ सेंटिमीटर रुंदीच्या प्लास्टिकच्या पट्टीने आवळायची. एवढे लिहिले म्हणजे मापे आली. कलम आले नाही. पाचरीचा काप एका ओढीत घ्यायचा असतो. करवतीसारखा सुरा पुढे-मागे केला की पृष्ठभाग उंचसखल होतो, आत हवा राहते आणि जोड काळा पडतो. पाचर उजेडासमोर धरली की कड सरळ आहे की नाही कळते. खुंट आणि काडी सारख्या जाडीची नसतील तर निदान एका बाजूची साल सालीला भिडवायची. पट्टी खालून वर, ताणत, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवत जायची. कोवळा खुंट दाबला जाईल इतका ताण नको. हा ताण शब्दांत सांगता येत नाही. बोटांची टोके किती पांढरी पडतात ते पाहूनच समजतो.

द्राक्षाची छाटणीही तशीच. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी यांत काडीवर किती डोळे राखायचे हे लिहिता येते, पण कोणती काडी राखायची हे वेलीसमोर उभे राहूनच कळते. त्याच्या खालोखाल चित्रफीत. मण्यांच्या विरळणीत कात्री घडात कशी शिरते, सुपारीच्या कोळेरोगासाठी पावसाआधी बोर्डो फवारताना पोफळीवर चढलेला गडी नळी कशी धरतो आणि घोसाला खालून-वरून कसे भिजवतो, हे कोकणात आणि गोव्यात पिढ्यान् पिढ्या बघूनच शिकले गेले आहे. हाताचे शहाणपण डोळ्यांनीच उतरते. इथे लेखाने मागे उभे राहावे.

दुसरा मुद्दा वाचता न येण्याचा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२.३ टक्के होती, स्त्रियांची ७५.९ टक्के. साक्षर म्हणून मोजल्या गेलेल्यांतही सलग दोन पाने सहज वाचणारे कमी. शेतातली निम्म्याहून जास्त खुरपणी, वेचणी, विरळणी बायकांच्या हातून होते, आणि त्यांच्यापर्यंत कृषी खात्याची पुस्तिका क्वचितच पोहोचली. मोबाइलवरचा आवाज पोहोचला. हे मोठे काम व्हिडिओने केले आहे आणि ते नाकारणे अन्याय ठरेल.

तिसरा मुद्दा त्याहून नाजूक. आपण लिखित मराठीला इतके सोवळे करून ठेवले की शुद्धलेखनाच्या धाकाने हजारो जाणकार माणसांनी कधी पेन उचलले नाही. कॅमेऱ्यासमोर मात्र तीच माणसे वऱ्हाडीत, अहिराणीत, मालवणीत मोकळेपणाने बोलली. विद्यापीठाच्या पत्रकात 'केवडा रोगाचा प्रादुर्भाव' असतो. बागेत 'डावनी' आली म्हणतात. ज्याला शोधायचे आहे तो 'डावनी' शोधतो. लेख वाचले जात नाहीत याला वाचक जबाबदार आहेत असे म्हणण्याआधी, ते कोणत्या भाषेत लिहिले जातात हेही बघावे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला पण मात्रा बरोबर असलेला मजकूर हा शुद्ध पण मोघम मजकुरापेक्षा कितीतरी चांगला आहे.

या तिन्ही मुद्द्यांवरून 'लेख नको' हा निष्कर्ष मात्र निघत नाही. ज्या बाईला वाचता येत नाही तिच्या घरात बहुधा शाळेत जाणारे मूल असते; त्याला चिठ्ठी वाचता येते, व्हिडिओतून मात्रा शोधून काढणे त्यालाही अवघड. मोबाइल मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो, म्हणजे लिहिलेल्याचा आवाज करता येतो. बोललेल्याचे लिखाण आपोआप करायला गेले की मोरचूद, सबकेन (द्राक्षाची उपकाडी), हुमणी अशा शब्दांवर आणि आकड्यांवरच यंत्र अडखळते, म्हणजे नेमके जिथे चुकायला नको तिथे. दृष्टिहीन माणसाला "हे असं एवढं घ्या" याचा काडीचा उपयोग नाही, आणि कर्णबधिर माणसाला उपशीर्षकांविना बोलका व्हिडिओ मुकाच आहे. लिहिलेला मजकूर दोघांनाही पोहोचतो.

टिकण्याबद्दल दोन शब्द. २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ अॅपवर बंदी आली आणि गावोगावच्या मराठी मुलांनी केलेले सारे काम एका रात्रीत पडद्याआड गेले. मूळ फाइल जपून ठेवणारे थोडे होते. लेखही मरतात, हे खरे आहे. युनिकोड ही सगळ्या यंत्रांवर चालणारी अक्षरपद्धत रुळण्याआधी वेगवेगळ्या फाँटांत लिहिलेली मराठी पाने आज उघडली तर निरर्थक चिन्हे दिसतात. पण त्या चिन्हांचे अक्षरांत रूपांतर करता येते, नक्कल करायला काही लागत नाही, कागदावर छापून फडताळात ठेवता येते. हजार शब्दांचा मराठी मजकूर साधारण वीस केबीचा. मध्यम दर्जाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ साठ-सत्तर एमबीचा. जिथे रेंजची एकच काडी येते अशा वाडीत हा फरक म्हणजे माहिती मिळणे आणि न मिळणे यांतला फरक आहे.

एक सवय मात्र तातडीने सुटायला हवी: रंगीत पाटीवर मजकूर लिहून त्याचा फोटो पाठवणे. त्यात शोध चालत नाही, अक्षर मोठे केले की धूसर होते, मोबाइल तो वाचून दाखवू शकत नाही आणि दुरुस्तही करता येत नाही. लिखाण आणि चित्र या दोघांचेही दोष त्यात एकवटतात.

मग काम करावे कसे? आधी लिहावे. पूर्ण टिपण, मात्रा लिटरमागे आणि एकरी अशी दोन्ही, औषधाचे घटक-नाव, त्या पिकासाठी लेबल क्लेम, म्हणजे वापराची अधिकृत मान्यता, आहे की नाही, काढणीपूर्व दिवस, कशाबरोबर मिसळू नये, आणि तारीख. लिहून झाल्यावर ते एखाद्या नवख्याच्या हाती द्यावे आणि काही न बोलता त्याला काम करू द्यावे. तो जिथे थांबून वर बघेल, तिथेच चित्रफीत हवी. अशी ठिकाणे बहुधा दोन किंवा तीन निघतात, आणि प्रत्येकी मिनिटभर पुरते.

चित्रण करताना कॅमेरा करणाऱ्याच्या खांद्यामागून हातांकडे असावा. समोरून घेतले की डावे-उजवे उलटे होते आणि पाहणारा सुरा चुकीच्या बाजूने धरतो. पुढच्या कॅमेऱ्याने तर चित्र आरशासारखे फिरलेले असू शकते. कॉलरचा माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, आणि शेतात वारा असेल तर त्याला स्पंजची किंवा केसाळ टोपी. चित्र थोडे अंधुक असले तर माणूस सांभाळून घेतो, आवाज फाटला की बंद करतो. रंग दाखवायचा असेल तेव्हा शेजारी पांढरा कागद ठेवावा, नाहीतर मोबाइल स्वतःच रंग बदलतो आणि आकाशी बोर्डो हिरवा दिसतो. आकडा उच्चारला की तो पडद्यावर निदान पाच सेकंद दिसावा.

लांब व्हिडिओ करायचाच असेल तर वर्णनात वेळांची यादी द्यावी. यूट्यूबवर तिचे भाग पडण्यासाठी पहिली नोंद ०:०० ची लागते, किमान तीन नोंदी लागतात आणि प्रत्येक भाग किमान दहा सेकंदांचा लागतो. मोबाइलवर वर्णनाच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात. बहुतेक जण तिथे इतर माध्यमांचे दुवे भरतात. तिथे मात्रा लिहावी.

व्यक्तींकडून ही अपेक्षा आहे, तर सार्वजनिक संस्थांकडे ती मागणी म्हणून ठेवली पाहिजे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चार कृषी विद्यापीठे, त्यांची संशोधन केंद्रे, जिल्ह्याजिल्ह्यातली कृषी विज्ञान केंद्रे आणि कृषी विभाग हे सगळे आता व्हिडिओ काढतात. ते लोकांच्या पैशाने निघतात. त्यातल्या प्रत्येकाखाली शोधता येईल असे, युनिकोडमधले एक पानाचे टिपण असलेच पाहिजे, आणि शिफारस बदलली की त्या टिपणात बदलाची तारीख पडली पाहिजे. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ४२ माहिती सर्वांना उपलब्ध होईल अशा स्वरूपात देण्याची आणि उपशीर्षके, सांकेतिक भाषा, ध्वनिवर्णन यांची जबाबदारी शासनावर टाकते. त्यामुळे ही मागणी कोणाच्या मेहरबानीवर अवलंबून नाही. विद्यापीठांकडे शिफारशींची पुस्तके आणि दैनंदिन्या आहेत, म्हणजे मजकूर तयार आहे. तो सव्वाशे पानांच्या पीडीएफमधून बाहेर काढून, प्रत्येक रोगाला आणि किडीला स्वतंत्र पान देऊन, त्यावर 'केवडा' आणि 'डावनी' ही दोन्ही नावे लिहिण्याचे काम उरले आहे.

आणि बागायतदाराने ते पान छापून, प्लास्टिकमध्ये घालून, औषधांच्या खोलीत नको तर जिथे ड्रम भरतो तिथे, डोळ्यांच्या उंचीवर टांगावे. हातात मोजे असताना, चुना अंगावर उडत असताना मोबाइल खिशातच राहू दे. मिसळायचा क्रम, एका शून्याचा फरक आणि खिळ्याची चाचणी समोर भिंतीवर असेल.